धातू तर सगळीकडेच असतो, तो गोळा कोणी केला?

प्रश्न थोडक्यात असा. भूविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीला मॅग्मा आणि धातूंचे साठे यांच्या नात्यावर संशोधन करायचंय. तिने तीन गोष्टी विचारल्यात. ज्या मॅग्मात मुळातच धातू जास्त, त्यातूनच साठा तयार होतो का? जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, कोट्यवधी वर्षांपूर्वी काय घडलं ते आज कशावरून ठरवतात? आणि शिकायला सुरुवात फील्डपासून करावी की प्रयोगशाळेपासून?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं आहे. ते नीट पटलं की दुसऱ्याचं अर्धं काम होतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पृथ्वीच्या कवचात तांबं सरासरी ३० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे एक टन खडकात जेमतेम ३० ग्रॅम. मोठ्या पॉर्फिरी (बारीक दाण्यांत मोठे स्फटिक विखुरलेला अग्निज खडक) खाणींच्या धातुकात, म्हणजे खणून काढण्याजोग्या खनिजयुक्त खडकात, तेच ०.५ ते १ टक्का असतं. याचा अर्थ कुणीतरी ते दीडशे ते साडेतीनशे पटींनी गोळा करून ठेवलंय. प्लॅटिनमचं तर विचारूच नका: कवचात टनाला मिलिग्रॅमच्या घरात आणि खाणीत टनाला काही ग्रॅम, म्हणजे हजारो पट. आता ज्या मॅग्मातून साठा झाला तो आणि ज्यातून काहीच झालं नाही तो, असे दोन्ही घेऊन त्यांतलं तांबं मोजलं तर फरक बहुधा फार मोठा निघत नाही. दुपटीच्या फरकातून तीनशे पट कुठून येणार? तेव्हा शोधायचं ते हे, की धातू गोळा कोणी केला आणि नेमका कधी केला.

गोळा करणारे मुख्य तिघे. सल्फाइडचा (धातू आणि गंधक यांच्या संयुगाचा) वितळलेला द्रव, मॅग्मातून सुटलेलं खारं गरम पाणी आणि क्वचित स्फटिक स्वतःच.

सल्फाइडपासून सुरू करू, कारण इथलं गणित कागदावर करता येतं. बेसॉल्टी मॅग्मात गंधक फार विरघळत नाही, साधारण १,००० पीपीएमच्या आगेमागे. त्याहून जास्त झाला की पाण्यातून तेल वेगळं व्हावं तसे लोह-सल्फाइडचे थेंब सुटे होतात. निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटातले धातू सिलिकेटी मॅग्मा सोडून या थेंबांत धाव घेतात. किती जोराने घेतात तो आकडा म्हणजे विभाजन गुणांक. निकेलसाठी तो काहीशे असतो, प्लॅटिनमसाठी लाखाच्या घरात.

पण नुसती ओढ पुरत नाही, थेंबाला मॅग्मा भेटायलाही हवा. एक भाग सल्फाइडला किती भाग मॅग्मा भेटला, त्या गुणोत्तराला आर फॅक्टर म्हणतात. कॅम्पबेल आणि नाल्ड्रेट यांनी १९७९ मध्ये त्याचं समीकरण मांडलं आणि या क्षेत्रातलं इतकं कामाचं समीकरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. थेंबातला धातू म्हणजे मूळ मॅग्मातलं प्रमाण गुणिले विभाजन गुणांक गुणिले (आर अधिक एक), आणि या सगळ्याला भागायचं (आर अधिक गुणांक) याने.

आकडे घालून बघा. मॅग्मात निकेल ३०० पीपीएम, गुणांक ३००. प्लॅटिनम १० पीपीबी (अब्जात दहा भाग), गुणांक १,००,०००. आर ५०० धरला तर थेंबात निकेल ५.६ टक्के आणि प्लॅटिनम ५ पीपीएम. आता मॅग्मा तोच ठेवून आर ५०,००० करा. निकेल चढून जेमतेम ८.९ टक्क्यांवर जातं आणि प्लॅटिनम थेट ३३३ पीपीएमवर! निकेलची ओढ माफक असल्यामुळे त्याला थोडा मॅग्माही पुरतो. प्लॅटिनमची ओढ इतकी जबर आहे की थेंब प्रचंड मॅग्मातून फिरल्याशिवाय त्याची भूक भागत नाही. म्हणून ढीगभर सल्फाइड असलेल्या ठिकाणी बहुधा निकेल-तांबं मिळतं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या मेरेन्स्की रीफसारख्या पातळ थरात, जिथे सल्फाइड दोन-तीन टक्केच दिसतं, तिथे प्लॅटिनम. आर ५०,००० कशामुळे होतो, यावर मात्र अजून भांडणं आहेत: मॅग्मा थेंबांवरून वाहत गेला, की थेंब मॅग्मातून खाली पडत गेले, की नंतर काही सल्फाइड पुन्हा विरघळून उरलेलं श्रीमंत झालं. तिन्ही बाजूंना पुरावे आहेत आणि मला वाटतं तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागी खऱ्या आहेत.

मग गंधक आला कुठून? सायबेरियातलं नोरिल्स्क हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या सायबेरियन ट्रॅप्सचा, म्हणजे तिथल्या प्रचंड लाव्हाथरांचा, मॅग्मा वर येताना अ‍ॅनहायड्राइटचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे थर असलेल्या गाळाच्या खडकांतून गेला. प्रावरणातल्या, म्हणजे कवचाखालच्या थरातल्या, गंधकाचं समस्थानिक मूल्य (जड आणि हलक्या गंधक-अणूंचं गुणोत्तर ठरलेल्या मापापेक्षा किती वेगळं, ते) शून्याजवळ असतं. नोरिल्स्कच्या धातुकात ते साधारण अधिक ८ ते १२ प्रति हजार आहे, आणि अशा थरांतल्या सल्फेटमधला गंधक तसाच जड असतो. बाहेरचा गंधक मॅग्मात शिरल्याची ही खूण. पण एका समस्थानिकावर सगळी भिस्त ठेवू नका. आधीच तयार झालेलं सल्फाइड पुढे भरपूर मॅग्माला भेटलं की त्याच्यातला गंधक बदलत जातो आणि बाहेरची खूण पुसट होते. म्हणून गंधक-सेलेनियम गुणोत्तरासारखी दुसरी खूण जोडीला हवी. तीही आर फॅक्टरने बदलते, पण दोन्ही एकत्र ठेवल्या की गोष्ट जुळते किंवा जुळत नाही, हे दिसतं.

नोरिल्स्कचा मला सर्वांत आवडणारा पुरावा मात्र धातुकात नाहीच. तिथल्या लाव्हाच्या थरांत नादेझ्दिन्स्की नावाचा एक गट आहे. त्या बेसॉल्टात निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटातले धातू असायला हवेत त्यापेक्षा खूपच कमी आहेत. त्या मॅग्मातून वाटेतच कुणीतरी धातू काढून घेतला होता. चोरी झालेलं घर सापडावं आणि त्यावरून ऐवजाचा माग लागावा, तसा प्रकार. आमच्या कामात जे नाही ते मोजणं फार महत्त्वाचं असतं. विश्लेषणाचा तक्ता हातात आला की नवशिक्यांची नजर मोठ्या आकड्यांवर जाते. तुम्ही तांबं-पॅलॅडियम गुणोत्तराचा रकाना आधी बघा. पॅलॅडियमला (तो प्लॅटिनम गटातलाच धातू) सल्फाइडची ओढ तांब्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे थोडंसं सल्फाइड निघून गेलं तरी हे गुणोत्तर उसळी मारतं.

ऑस्ट्रेलियातल्या कंबाल्डाला, जिथे १९६६ मध्ये निकेल सापडलं, हाच खेळ जमिनीच्या पृष्ठावर झाला: १,५०० अंशांहून जास्त तापलेला कोमाटिआइट (मॅग्नेशियमने भरलेला, फार पातळ) लाव्हा वाहताना खालचा गंधकयुक्त गाळ वितळवत गेला. कॅनडातलं सडबरी याला अपवाद. तिथे १८५ कोटी वर्षांपूर्वी आकाशातून मोठा पाषाण आदळून कवचच वितळलं, आणि त्या वितळलेल्या तळ्यातून निकेल-तांब्याचं सल्फाइड खाली बसलं.

स्फटिकांनी स्वतः साठा करण्याचं उदाहरण क्रोमाइटचं, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचं. बुशवेल्डमध्ये जवळजवळ निव्वळ क्रोमाइटचे थर आहेत, यूजी-२ हा त्यांतला प्रसिद्ध. हिशोब करा: एक मीटर जाडीच्या थरात क्रोमियम ३० टक्के आणि मॅग्माने दर टनाला ५०० ग्रॅम क्रोमियम सोडलं असं धरलं, तर घनतेचा फरक लक्षात घेता वर सुमारे एक किलोमीटर जाडीचा मॅग्मा हवा. तोही इतर कुठलाही स्फटिक न सोडता फक्त क्रोमाइट सोडणारा. नेहमीच्या स्फटिकीभवनात हे होत नाही. नवा मॅग्मा येऊन जुन्यात मिसळला किंवा छताचा सिलिकायुक्त खडक विरघळला की मिश्रण काही काळ अशा स्थितीत जातं की त्यातून फक्त क्रोमाइटचेच स्फटिक सुटतात, हे अर्व्हाइन यांनी १९७० च्या दशकात सुचवलं. कल्पना सुंदर आहे. एक किलोमीटरचा मॅग्मा गेला कुठे, हा प्रश्न मात्र अजून छळतो.

आता पाणी. पॉर्फिरी तांब्याचे साठे, म्हणजे चिलीतले एल तेनिएंते आणि चुकिकामाता, अमेरिकेतलं बिंगहॅम, इंडोनेशियातलं ग्रासबर्ग हे सगळे, या वाटेने झाले. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे तयार होणाऱ्या मॅग्मात पाणी ४ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. दाब असेपर्यंत ते विरघळलेलं राहतं: सुमारे सात किलोमीटर खोलीच्या दाबाला सिलिकायुक्त मॅग्मात ६ टक्क्यांच्या आसपास मावतं, निम्म्या दाबाला ४ टक्के. मॅग्मा वर आला किंवा तिथेच थिजू लागला की पाणी बाहेर पडतं. क्लोरीन पाण्याबरोबर जातो आणि तांबं क्लोरीनचा हात धरून निघतं. वरच्या खडकांत भेगा पडतात, द्रव त्यांत शिरतो, ७०० अंशांवरून थंड होत ४००च्या खाली येतो आणि तांबं चॅल्कोपायराइटच्या (तांबं-लोहाच्या सल्फाइडच्या) रूपात बसतं.

इथेही गंधक आडवा येतोच. खोलवर असतानाच सल्फाइडचे थेंब सुटले तर तांबं तळाशीच राहणार आणि वर पाणी कोरडं जाणार, म्हणजे तांब्याच्या दृष्टीने कोरडं. मॅग्मा पुरेसा ऑक्सिडीकृत असला तर गंधक सल्फाइडऐवजी सल्फेट होऊन राहतो आणि तांबं मोकळं प्रवास करतं. याचा पुरावा जिवंत ज्वालामुखींनी दिला. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटले, तेव्हा ताज्या प्युमिसमध्ये (सच्छिद्र ज्वालामुखी दगडात) अ‍ॅनहायड्राइटचे स्फटिक मिळाले. जुन्या राखेत ते सहसा दिसत नाहीत, कारण पावसाने विरघळून जातात. ज्यांनी नमुने लवकर उचलले त्यांनाच ते मिळाले.

मग साठ्याला मॅग्मा किती लागतो? एक घन किलोमीटर मॅग्माचं वजन सुमारे २५० कोटी टन. त्यात तांबं ५० पीपीएम असेल तर १,२५,००० टन. एक कोटी टन तांब्याचा साठा हवा असेल आणि सगळंच्या सगळं तांबं वसूल झालं, तरी ८० घन किलोमीटर मॅग्मा लागतो, निम्मं वसूल झालं तर १६०. एवढा मॅग्मा पृष्ठभागाजवळच्या बारीकशा पॉर्फिरी खांबात कधीच मावत नाही. म्हणजे तो खांब ही नुसती चिमणी, आणि खरी भट्टी कित्येक किलोमीटर खाली. विद्यार्थी चिमणीचं रासायनिक विश्लेषण करून भट्टीबद्दल बोलतात, तेव्हा मी हा हिशोब फळ्यावर मांडायला लावतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हे ठरवतात कशावरून. उपकरणांची यादी कुठेही मिळेल, मी एक तळहाताएवढा कोअरचा, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचा, तुकडा दाखवतो. करडा पॉर्फिरी खडक, पांढरे फेल्स्पारचे ठिपके, आणि त्याला छेदणाऱ्या तीन शिरा. पहिली नागमोडी, साखरेसारख्या दाणेदार क्वार्ट्झची, कडा धूसर. खडक अजून इतका गरम होता की तडा सरळ जाऊच शकला नाही. दुसरी सरळ, दोन्ही भिंती समांतर, मधोमध मॉलिब्डेनाइटची (मॉलिब्डेनमच्या सल्फाइडची) रेघ. तिसरी बारीक, पायराइटने भरलेली, दोन्ही बाजूंना पांढुरका पट्टा, जिथे फेल्स्पारचं सेरिसाइट, म्हणजे बारीक पांढरं अभ्रक, झालंय. तिसरी पहिल्या दोघींना कापते, दुसरी पहिलीला. गुस्ताफ्सन आणि हंट यांनी चिलीतल्या एल साल्व्हाडोरच्या कामात, १९७५ मध्ये, यांनाच ए, बी आणि डी अशी नावं दिली. हा क्रम पेन्सिलने वहीत काढला की थंड होण्याची अख्खी कहाणी कागदावर येते, आणि खर्च एका भिंगाचा.

मग त्या क्वार्ट्झच्या जाडसर पॉलिश केलेल्या कापात सूक्ष्मदर्शकातून बघा. दहा-वीस मायक्रॉनचे कोश दिसतील, त्यात द्रव, वाफेचा थरथरणारा बुडबुडा, कधी मिठाचा चक्क चौकोनी स्फटिक. यांना फ्लुइड इन्क्लूजन म्हणतात, आणि तो साठा घडवणाऱ्या पाण्याचाच नमुना असतो. मिठाचा स्फटिक नसलेला कोश आधी गोठवायचा आणि शेवटचा बर्फ कितीला वितळतो ते बघायचं: उणे २ अंशांना वितळला तर मीठ साधारण ३.४ टक्के, उणे १० ला १३.९ टक्के. नंतर तापवून बुडबुडा कितीला नाहीसा होतो ते नोंदवायचं. गोठवणं आधी, तापवणं नंतर. उलट केलंत तर कोश फुटतात आणि दोन्ही आकडे जातात. आणि हो, एकाच क्वार्ट्झच्या दाण्यात तीन पिढ्यांचे कोश असतात. स्फटिक वाढताना अडकलेले कोणते आणि नंतरच्या भेगेत शिरलेले कोणते, हे न ठरवता काढलेली सरासरी म्हणजे तीन वेगळ्या माणसांच्या वयांची सरासरी.

झिरकॉन या खनिजाच्या अभ्यासाचं सध्या फार पेव फुटलंय. त्याच्या युरेनियम-शिसे कालमापनावर माझा पूर्ण विश्वास आहे. मॉलिब्डेनाइटचं रेनियम-ऑस्मियम वय जोडीला घेतलं की खडक कधी थिजला आणि धातू कधी बसला हे स्वतंत्रपणे कळतं. अनेक पॉर्फिरींत मॅग्माची हालचाल लाखो वर्षं चाललेली दिसते आणि धातू बसण्याचा मुख्य टप्पा त्या मानाने फारच थोडक्या काळात उरकतो. झिरकॉनमधल्या युरोपियमवरून किंवा खडकातल्या स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तरावरून "इथे तांबं असणार" म्हणणाऱ्यांना मात्र मी थांबवतो. पाणी भरपूर असलं की प्लेजिओक्लेज (फेल्स्पारचा एक प्रकार) उशिरा तयार होतं, म्हणून स्ट्रॉन्शियम आणि युरोपियम मॅग्मात टिकतात. हॉर्नब्लेंड हे गडद खनिज लवकर येऊन इट्रियम घेऊन जातं. तेव्हा ही खूण ओल्या मॅग्माची झाली. ओले मॅग्मा खूप असतात, खाणी थोड्या.

पेग्मटाइटातला लिथियम, कार्बोनटाइटातली दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं, हे सगळं याच कुटुंबातलं, पण तिथे माझा हात बसलेला नाही. एवढं सांगतो की स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज मॅग्मातून थेट आलं की गरम पाण्यातून, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चाललाय, आणि दोन्ही पक्ष त्याच खडकाकडे बोट दाखवतात.

तिसरा प्रश्न. फील्डपासूनच, आणि फील्ड म्हणजे इथे कोअर शेडसुद्धा, जिथे कोअरचे डबे ठेवलेले असतात. खुर्चीत बसून नमुने मागवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सुरुवातीच्या काळात मी एका थरयुक्त अंतर्वेशी (जमिनीखालीच थिजलेल्या) खडकाच्या बोअरहोलमधून पायरॉक्झीन या खनिजातलं मॅग्नेशियम मोजत होतो. वर जाताना ते कमी होत जायला हवं, आणि एका टप्प्यात ते वाढताना दिसलं. नवा गरम मॅग्मा आला असणार! दोन आठवडे मी त्यावर मजकूर लिहिला, आकृत्या काढल्या. मग शंका आली म्हणून शेडमध्ये जाऊन कोअरच्या तुकड्यांची तुटलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली. जुळेनात. तो डबाच उलटा भरलेला होता. उपकरणाने अगदी अचूक आकडे दिले होते, फक्त खालचे वर.

याउलट, नीट पाहिलेल्या कोअरने काय होतं त्याचं उदाहरण अ‍ॅरिझोनातलं. सॅन मॅन्युएलच्या साठ्याभोवतीचे बदललेल्या खडकांचे पट्टे डेव्हिड लोवेल यांनी नकाशावर मांडले तेव्हा ते अर्धेच निघाले. गोलाकार रचना अर्धी तुटली असेल तर उरलेली अर्धी विभंगाने, म्हणजे खडक सरकवणाऱ्या भेगेने, सरकून कुठेतरी गेली असणार, या तर्काने १९६० च्या दशकात ड्रिलिंग झालं आणि कलामाझूचा साठा सापडला. लोवेल आणि गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये त्यावरून पॉर्फिरीचं ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखं प्रारूप प्रसिद्ध केलं, जे आजही प्रत्येक वर्गात काढलं जातं.

तेव्हा पहिल्या वर्षी एकच बोअरहोल घ्या. त्यातला धातुक असलेला भाग, त्याच्या वरचा आणि खालचा वांझ भाग, तिन्ही मिळून काही डझन मीटर. शिरांचा क्रम किंवा थरांचा बदल हाताने काढा. त्यातून वीसेक जागा निवडा आणि त्यांचे काप करून घ्या, नंतर प्रोब आणि लेझर, म्हणजे एकेका ठिपक्याचं रासायनिक विश्लेषण करणारी यंत्रं. काप करणाऱ्याला चिठ्ठीत तीन गोष्टी स्पष्ट लिहून द्या: पॉलिश हवंय, वर काच चिकटवायची नाही, कारण सल्फाइड परावर्तित प्रकाशातच ओळखता येतं आणि प्रोबलाही उघडा पृष्ठभाग लागतो. आणि प्रत्येक कापावर वरची दिशा दाखवणारा बाण कोरायचा. तो बाण कोअर कापण्याआधी, शेडमध्येच, टोकं जुळवून बघितल्यावर तुमच्या हाताने काढा.